‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधलं यमक कसं पकडायचं

आधी मोठ्याने वाचा, पेन्सिल नंतर. मी विद्यार्थ्यांना थेट पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात नेते. रोमिओ ज्युलिएटचा हात धरतो तिथपासून पहिल्या चुंबनापर्यंत ओळी मोजा. 14 भरतात. म्हणजे सुनीत (सॉनेट, ठरावीक यमकांची चौदा ओळींची कविता), आणि तेही दोघांनी मिळून रचलेलं!

आता ओळींच्या शेवटी अ, ब, क लिहीत जा; यमक जुळलं की तेच अक्षर. पहिल्या चार ओळी त्याच्या, ‘किस’ या शब्दावर संपणाऱ्या. पुढच्या चार तिच्या, आणि त्यांतही तेच यमक येतं. ओळख नसलेली मुलगी त्याचा सूर अचूक उचलते. मला हा क्षण दोघांच्या प्रसिद्ध बाल्कनीच्या प्रवेशापेक्षा मोलाचा वाटतो. शेवटच्या जोडीतली एक ओळ तिची, एक त्याची.

मग रूपक बघा. तो ओठांना लाजरे यात्रेकरू म्हणतो, तिला पवित्र मूर्ती मानतो. ती रूपक मोडत नाही. यात्रेकरूंचे ओठ प्रार्थनेसाठी असतात, असं म्हणून त्यालाच अडवते. प्रत्येक ओळीपाशी विचारा: रूपक आत्ता कोणाच्या हातात आहे?

विरोधाभासांची मात्र तुलनाच करा. ज्युलिएट भेटण्याआधी रोझलाइन नावाच्या मुलीसाठी झुरताना रोमिओ ‘शिशाचं पीस’, ‘थंड आग’ अशी रास ओततो. तिसऱ्या अंकात, रोमिओने आपल्या मामेभावाला, टिबल्टला, मारल्याचं कळल्यावर, ज्युलिएट त्याला ‘सुंदर जुलमी’ म्हणते. अलंकार तोच, पण तिचं मन खरंच दुभंगलेलं आहे.

बाल्कनीच्या प्रवेशात यमक फारसं शोधू नका. तिथला बराचसा भाग निर्यमक छंदात आहे.