बायबलमधली गोष्ट मनाच्या अंगानं कशी वाचावी

मी कोल्हापुरात समुपदेशन करते. रविवारी चर्चनंतर आम्ही काही जणी बायबल घेऊन बसतो, तिथली ही रीत.

लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचा, 15वा अध्याय उघडा. उधळ्या मुलाची गोष्ट सलग वाचा, अर्थ लावायची घाई नको. धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेऊन दूरदेशी जातो, सगळं उधळतो, डुकरं चारायची पाळी येते तेव्हा परततो; बाप मेजवानी देतो, पण थोरला रागावून बाहेरच थांबतो. मग एकच पात्र धरा. धाकट्याची दया सगळ्यांनाच येते, म्हणून मी थोरल्यापासून सुरू करायला लावते. शेतातून येताना त्याला नाचगाणं ऐकू येतं, पण तो आत न जाता चाकराला विचारतो. इथं थांबा. 30व्या वचनात तो बापाला 'हा तुमचा मुलगा' म्हणतो, 'माझा भाऊ' नाही. वर पैसा वेश्यांवर उडवला म्हणतो! 13व्या वचनात नुसती उधळपट्टी आहे. मग हे आलं कुठून? मनातलं दुसऱ्यावर ढकललेलं, म्हणजे प्रक्षेपण, असेल. किंवा ऐकीव बातमी. दोन्ही शक्यता लिहून ठेवा. करवीर तालुक्यात भावाभावांतली वाटणी पाहिलेल्याला हा सूर ओळखीचा वाटेल.

काळही बघा. ज्यू धर्मात डुक्कर अशुद्ध, म्हणून ज्यू पोरानं डुकरं चारावीत ही केवढी नामुष्की!

रोगाचं लेबल मात्र चिकटवू नका. येशूचा प्रेषित पौल पत्रात आपल्या 'शरीरातल्या काट्या'बद्दल लिहितो, त्याला फेफरं म्हणणारे आहेत, पुरावा तोकडा. येशूला मनोरुग्ण ठरवणाऱ्यांचे दावे तर धर्मशास्त्रज्ञ आणि डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1913 सालीच वैद्यकीच्या प्रबंधात खोडले.

शेवटी विचारा, थोरला आत गेला का? लूक सांगत नाही. आमच्यात यावर हमखास वाद होतो, होऊ द्यावा.