करप्याला औषध मग, आधी लोंबतं पान उतरवा

वसई, उत्तन, गोराई, मनोरी इथल्या केळीच्या वाडीवाल्यांनो, पावसाने अर्धा दिवस उघडीप दिली तर दुकानाकडे धावू नका. कोयता घ्या आणि खोडाला लोंबणारी करपलेली पानं उतरवा. मघा-पूर्वाचे हे दिवस सिगाटोका करप्याचेच, म्हणजे केळीची पानं करपवणाऱ्या बुरशीचे. तापमान 25 ते 28 अंश, मधेच ऊन मधेच सर, पान रात्रभर ओलं. हा आठवडा हातचा गेला तर हस्तापर्यंत फवारण्याच मोजत बसाल.

रोग सगळ्यांनाच ओळखता येतो. पानावर शिरांच्या दिशेने बारीक पिवळट रेघा, मग त्या तपकिरी, पुढे मधे राखाडी आणि भोवती पिवळं वलय असलेले लांबट ठिपके. ठिपके एकमेकांत मिसळले की पान कडेपासून वाळत येतं. गफलत होते ती इथे. पान वाळलं, म्हणजे त्याच्याबरोबर रोगही मेला असं आपण धरून चालतो आणि ते तसंच लोंबू देतो. बुरशी त्या मेलेल्या पानातच बीजाणू तयार करते. पान भिजलं की ते हवेत सुटतात, वाऱ्याबरोबर शेजारच्या वाडीतही पोचतात. दुसऱ्या प्रकारचे बीजाणू थेंबाथेंबाने खालच्या पानांवर आणि बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांवर गळतात. आज लागण झालेल्या पानावर ठिपका नजरेत भरायला दोन-चार आठवडे लागतात, त्यामुळे दोष कोणत्या पानाचा हे कुणाच्या लक्षातच येत नाही. लोंबतं पान ठेवून फवारणी करणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि घड गेल्यावर शिव्या मात्र पावसाला.

कापायचं कसं? अर्ध्याहून जास्त पान गेलं असेल तर देठापासून काढा. नुसतं टोक करपलं असेल तर तेवढंच छाटा, उरलेलं हिरवं राहू द्या. हौसेने सगळं सोलून काढणारेही पाहिलेत, तेही चूक. निसवताना, म्हणजे घड बाहेर पडताना, झाडावर निदान आठ चांगली पानं हवीत. निसवल्यावर नवीन पान येत नाही, आहेत त्यांवरच घड भरायचा असतो. पानं कमी पडली तर फणी बारीक राहते, आणि घड अवेळी पिकायला लागतो. असा माल दादरच्या बाजारात पोचेपर्यंत मऊ पडतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो.

काढलेली पानं ओळींत पसरून टाकू नका. तिथूनही बीजाणू उडतात. एका कोपऱ्यात ढीग करा, वर माती किंवा शेणकाला टाका, नाहीतर सरळ खड्ड्यात पुरा. दर पंधरवड्याला वाडीतून एक फेरी, पाऊस थांबेपर्यंत.

बाकीची कामं:
- चर मोकळे, पाणी तुंबू न देणे
- एक पिल्लू ठेवून बाकीची काढणे
- तण कापणे
- घडाच्या झाडांना टेकू
- युरियाचा हात आखडता

आता औषध. दुकानदार पानाबद्दल विचारणार नाही. तो टॉनिक काढेल, समुद्री शेवाळाचा अर्क काढेल, दोन बुरशीनाशकं एकत्र असलेली महागडी बाटली काढेल आणि ‘साहेबांनी पण हीच नेली’ म्हणून सांगेल. टॉनिकने करपा थांबलेला मी पाहिलेला नाही. बॅच नंबर घातलेलं पक्कं बिल मागा, बऱ्याच बाटल्या तिथेच फळीवर परत जातात.

शिफारशीतलं साधं औषध पुरतं. 10 लिटर पाण्याला मॅन्कोझेब 25 ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम, सोबत औषध पानाला चिकटवणारं स्टिकर. ठिपके वाढत असतील तर प्रोपिकोनॅझोल 25 टक्के ईसी 10 मिली, त्यात फवारणीचं खनिज तेल 100 मिली. पुढची फवारणी तीन-चार आठवड्यांनी, आणि औषध बदलून. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लागोपाठ मारत राहिलं तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. तुमचा पंप 16 लिटरचा असेल तर मात्राही त्या हिशोबाने: 25 ग्रॅमचे 40 ग्रॅम, 10 मिलीचे 16 मिली. इथेच निम्मे लोक चुकतात आणि औषध बोगस निघालं म्हणतात.

फवारा पानाच्या खालून, आणि सुरळीतून नुकत्याच उलगडलेल्या पानांवर. लागण कोवळ्या पानाला होते. वाळक्यावर औषध ओतून काही मिळत नाही.

माझा एक अंदाज, पुस्तकात शोधू नका: खाजणाच्या (खाऱ्या दलदलीच्या) किंवा बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) कडेची ओळ सगळ्यांत आधी ठिपकते. फेरी तिथून सुरू करा. केळीच्या जातींत वेलची त्यातल्या त्यात तग धरते. बसराईवर मात्र डोळा ठेवा.

अळूवाल्यांसाठी दोनच शब्द. ऋषिपंचमी तोंडावर आली की पानाला भाव येतो आणि नेमका तेव्हाच पानावर पाणथळ गोल डाग येतो, वाढत तपकिरी होतो. चार-पाच दिवसांत पूर्ण पान जातं. खायच्या पानावर औषध नको. डाग दिसेल ते पान त्याच दिवशी उपटून वाडीबाहेर न्या. लागवड जरा विरळ ठेवा.

आरे आणि आसपासच्या तबेलेवाल्यांची चूकही त्याच जातीची. आरे वसाहत 1949 पासूनची, तबेल्याच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवायची रीतही जुनी. शेणामुताच्या पाण्याने गवत माजतं, चिखलामुळे कापणी लांबते, मग पॅरा आणि नेपियर या चाऱ्याच्या गवतांच्या पानांवर तपकिरी लांबट ठिपके येऊन खालचा भाग वाळतो. इथे बुरशीनाशक मारायचंच नाही, ते गवत म्हशीच्या पोटात जातं आणि दूध माणसांच्या. नेपियर दर 45 दिवसांच्या आसपास जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, चिखल असला तरी कापा. वाळकी धसकटं गोळा करून बाहेर काढा. पंधरा दिवस तबेल्याचं पाणी दुसऱ्या तुकड्याकडे वळवा. बुरशी धरलेला, कुबट वासाचा भारा गव्हाणीत टाकू नका.

शंका असेल तर ठिपक्याचं ताजं पान, वाळलेलं नव्हे, कागदात गुंडाळून कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा. फुकट आहे. फवारणी झाल्यावर पंप बावखलात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका, ते पाणी पुन्हा वाडीलाच शिंपायचंय.