माइक सादळलाय, गेला नाही! पावसाळ्यातल्या या चुका टाळा

जून लागला की मला फोन सुरू होतात. दादा माइक गेला, नुसती चुरचुर येतेय, रिपेअरवाला सांगा कोणीतरी. मी कुडाळला छोटा स्टुडिओ चालवतो आणि आमच्याकडे रेकॉर्डिंगची खरी गर्दी आषाढ-श्रावणातच असते, कारण प्रत्येक भजनी मंडळाला गणपतीच्या आधी आपली गाणी बाहेर काढायची असतात. म्हणजे हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते नेमके तेव्हाच सगळे महागडे कंडेन्सर (स्टुडिओतले बारीक आवाज टिपणारे नाजूक माइक) स्टँडवर चढलेले. दहातले आठ माइक गेलेले नसतातच, उघड्यावर राहिलेल्या पापडासारखे सादळलेले असतात. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या घाईत.

चुरचुर का येते ते आधी समजून घ्या. कंडेन्सरच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागात, काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पडदा असतो, त्याच्या मागे अगदी बारीक फटीवर धातूची प्लेट, आणि मधे साधारण ५०-६० व्होल्टचा चार्ज धरून ठेवलेला. हा चार्ज टिकावा म्हणून आत गिगाओहमचे, म्हणजे करंट जवळजवळ जाऊच न देणारे, रेझिस्टर असतात. एवढ्या नाजूक ठिकाणी ओलाव्याचा पातळ थर बसला की करंटला पळवाट मिळते, चार्ज थोडाथोडा गळतो आणि तुम्हाला हेडफोनमध्ये वडे तळल्यासारखा आवाज ऐकू येतो. एसएम५८ सारख्या डायनॅमिकमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या दणकट माइकमध्ये, हे काही नसतं, कॉइल आणि मॅग्नेट, म्हणून तो पावसातल्या जत्रेतही चालतो.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी स्वतः केलीय. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका बुवांचं रेकॉर्डिंग होतं, मंडळ बारा जणांचं, माझ्या खोलीत मावेना म्हणून त्यांच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात करायचं ठरलं. रात्रभर २१ अंशाच्या एसी खोलीत असलेले दोन कंडेन्सर उचलले, एसी चालू ठेवूनच पाऊण तास गाडी चालवली, पोचल्या पोचल्या पेटी उघडली, स्टँडवर लावले आणि फँटम (केबलमधूनच कंडेन्सरला जाणारी वीज) दिला. पाच मिनिटांत चुर्रर्र, टप, टप. मी केबल बदलली, चॅनल बदलला, मग देवळाच्या वायरिंगवर संशय, मग अर्थिंग, तासभर गेला. तोवर बुवांचा आवाज छान तापलेला होता, पखवाज चढवून ठेवलेला परत उतरायला लागला, आणि ज्या गजराला सगळा मंडप डोलत होता तो माझ्याकडे तळणीच्या आवाजासकट रेकॉर्ड झाला. शेवटी अनाउन्समेंटसाठी आणलेल्या डायनॅमिकवर सगळं परत घेतलं, पण तो गजर परत तसा आला नाही. दुसऱ्या दिवशी रात्रभर कोरड्या हवाबंद डब्यात ठेवलेले तेच दोन माइक स्वच्छ चालले! त्यांना काहीच झालं नव्हतं.

फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तेच झालं होतं. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की साधारण २५ अंशाच्या खाली थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं, आणि माझे माइक २१ वर होते. तेव्हापासून माझी सवय अशी, निघायच्या आधी एसी खोलीतच माइक झिपच्या पिशवीत बंद करायचा, पेटी डिकीत ठेवायची, आणि पोचल्यावर किमान एक तास पिशवी उघडायचीच नाही. जे पाणी धरायचं ते पिशवीच्या बाहेरून धरू दे. लोकांना हा एक तास जड जातो, त्यांनी तो चहा-पाण्यात घालवावा पण झिप उघडू नये.

दुसरी चूक, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. चार वर्षांपूर्वीची पुडी माइकच्या पेटीत आणि वर समाधान की आपण काळजी घेतो. ती पुडी कधीच पाणी पिऊन फुल्ल झालेली असते, आणि पेटीची फटही हवाबंद नसते, म्हणजे तुम्ही अख्ख्या कोकणाची हवा एका पुडीने सुकवताय. रबरी सीलवाला हवाबंद डबा घ्या, त्यात रंग बदलणारं केशरी सिलिका पाव किलो तरी टाका, हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशावर दोनेक तास तापवून परत वापरा. निळं मिळतं त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, घरातल्या भांड्यात आणूच नका. डब्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) ठेवा, मी आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास बघतो, ६० च्या वर कायम राहिला की बुरशीला आमंत्रण. आणि हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवलं पाहिजे. ७० दाखवलं तर तुमचा मीटर पाच कमी सांगतो, तेवढं लक्षात ठेवा. पैसे असतील तर कॅमेरावाले वापरतात ते ड्राय कॅबिनेट घ्या, सगळी कटकट संपते.

तांदळात माइक ठेवू नका, पीठ जाळीतून आत जातं. डांबरगोळ्या तर अजिबात नको, त्याची वाफ प्लास्टिकला बाधते. पॉप फिल्टर (माइकसमोरची श्वास अडवणारी जाळी) काढून तोंड लावून गाऊ देऊ नका, श्वासातली वाफ सरळ पडद्यावर बसते. पेटीतला फोम हाताला चिकट लागायला लागला की फेकून द्या, तो दमटपणाने कुजतो आणि त्याचे कण जाळीत जातात. पेटी जमिनीवर किंवा ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दिवसा एसी लावून रात्री खिडक्या उघडणारे पण आहेत, थंड झालेल्या भिंती आणि इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) लगेच पाणी धरतात, त्यापेक्षा खिडक्या बंद राहू द्या. इंटरफेस आणि मिक्सर बिनकामाचे असले तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू करा, आतून कोमट राहतात. समुद्राजवळ असाल तर एक्सएलआरच्या (माइकच्या केबलच्या जोडाच्या) पिना महिन्यातून एकदा बघा, हिरवट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, गंजाचा तेलकट स्प्रे नको.

आणि पडद्याला हात लावू नका, हे हात जोडून सांगतो. एका मुलाने यूट्यूबवर बघून इअरबडला स्पिरिट लावून पडदा पुसला, सोनंच निघून आलं, अख्खी कॅप्सूल बदलावी लागली. दुसऱ्याने हेअर ड्रायर मारला. चुरचुर आली की फँटम बंद, मिनिटभर थांबा, माइक काढा, डब्यात टाका, २४ तास, फारच भिजला असेल तर ४८. त्यानंतरही आवाज आला तरच रिपेअरवाल्याचा नंबर माझ्याकडून घ्या, आणि मधल्या दोन दिवसांत डायनॅमिकवर डमी ट्रॅक, म्हणजे तात्पुरतं रेकॉर्डिंग, घेऊन ठेवा.