टॅबने रकाने जुळत नाहीत, तेव्हा

सांगली जिल्ह्याची तालुकावार पावसाची फाइल मी टर्मिनलवरच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतच बघते. नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, मग टॅब, मग आकडा. जतला तीनच अक्षरं, त्यामुळे आकडा नवव्या घरात (घर म्हणजे एका अक्षराची जागा) येतो. कडेगावला बरोबर आठ, म्हणून आकडा सतराव्यात. टॅब म्हणजे ठरावीक जागा नव्हे. तो पुढच्या थांब्यापर्यंत उडी मारतो आणि थांबे सहसा दर आठ घरांवर असतात.

आधी लिनक्सवर फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला कॅपिटल ए पर्याय देऊन फाइल बघा. टॅब असेल तिथे टोपीचं चिन्ह (^) आणि आय दिसतो. डोळ्यांवर विसंबू नका, टॅब आणि स्पेस सारखेच दिसतात.

मग रकाने जुळवणारी 'कॉलम' ही कमांड, टी पर्यायासह. पण तेवढ्यावर थांबलात तर कवठे महांकाळचे दोन रकाने होतात, कारण ती स्पेसवरही तोडते. एस पर्यायाने विभाजक फक्त टॅब आहे असं सांगा. बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) तो डॉलरचिन्ह आणि एकेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ-टी असा लिहायचा; नुसतं अवतरण चालत नाही. रिकाम्या रकान्यात आधीच डॅश भरा. 'कॉलम'च्या जुन्या आवृत्त्या लागोपाठचे टॅब एकच धरतात आणि पुढचे आकडे डावीकडे सरकतात. पावसाच्या तक्त्यात ही चूक फार महागात पडते.

नावं देवनागरीत असतील तर मजकूर ठरावीक साच्यात छापणाऱ्या बॅशच्या 'प्रिंटएफ'ने रुंदी देऊ नका. ते बाइट मोजतं: 'पुणे' पडद्यावर दोन घरं, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) 12 बाइट.