भंडारदऱ्याला कधी येऊ, असं विचारणाऱ्यांसाठी

जून उजाडला की आमच्याकडचा फोन वाजायला लागतो. भंडारदरा धरणाजवळच्या राजूरला राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात नातेवाईक फार. "मावशी, भंडारदऱ्याला कधी येऊ?" मी उलट विचारते, "कुठलं पाणी बघायचंय ते आधी सांग." भाचीला वाटतं मावशीची थट्टा चाललीय. पण नोकरीची सगळी वर्षं मी धरणाच्या काठच्या वाड्यांवर मास्तरीण होते, आणि तिथे आल्यावर हिरमुसलेली पाहुणेमंडळी इतकी पाहिलीत की आता तेच पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा लिहून ठेवते.

इथे पाणी दोन तऱ्हेचं असतं. एक आभाळाचं. घाटघर, रतनवाडी, साम्रद या भागात पाऊस लागला की डोंगरावरून ओहळ सुटतात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरं धरणाचं, म्हणजे सोडलं तर येणारं. रंधा धबधबा या दुसऱ्या जातीचा आहे, आणि लोक त्याच्यासाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतात.

माझा भाचा असाच आला होता, बायको-पोरं आणि सासूबाईंना घेऊन. पाऊस धो धो. रंध्याच्या कठड्याला टेकून सगळे खाली बघतायत, तर काळ्या कातळावरून करंगळीएवढी धार. सासूबाई म्हणाल्या, "हाच का तो?" भाचा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही तोटी मीच बंद केली होती.

झालं होतं असं. वरचं धरण तेव्हा भरायचं असतं, त्यामुळे प्रवरेचं पाणी अडवलेलं. रंध्याच्या वरच्या अंगालाही बंधारा आहे, तिथून पाणी कोदणीच्या वीजघराकडे वळतं. उरलंसुरलं तेवढं कड्यावरून पडतं. त्या दिवसांत रंध्याला जीव येतो तो कृष्णवंतीमुळे. कळसूबाईच्या अंगावरचा पाऊस या नदीत उतरतो, वाकीचा छोटा तलाव भरून सांडायला लागला की ते पाणी इकडे येतं. म्हणून जुलैत रंधा बघायचा असेल तर "वाकी भरलं का?" एवढंच विचारा. धरणालगतच्या शेंडी गावातला कुठलाही चहावाला सांगेल. खरा रंधा मात्र ऑगस्टचा. भंडारदरा बहुतेक वर्षी पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं (आमच्या पारावर यावर पैजा लागतात, चहाच्या), मग सांडव्यावरून पाणी सुटतं आणि प्रवरा पावणेदोनशे फुटांवरून सरळ खाली झोकून देते. तुषार कठड्याच्या या बाजूला येतात. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे, तिथे आधी पाया पडावं असं आमच्याकडे मानतात. कठड्यापलीकडे पाय टाकू नका. शेवाळावरून घसरला की माणूस थेट दरीतच जातो.

धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉलही याच घरातला. झडप उघडली की पाणी गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं; नाही उघडली तर नुसता खडक. धरण स्वतः बघण्यासारखं आहे. १९२६ साली पुरं झालं, दगडी बांधकाम, उंची ८२ मीटरच्या वर. गव्हर्नर विल्सनचं नाव त्याला दिलं, पण इथल्या कुणाच्या तोंडी ते नाही. आम्ही नुसतं धरण म्हणतो.

आता आभाळाच्या पाण्याचं. त्यासाठी जुलै, आणि तोही पाऊस लागून चार-सहा दिवस झाल्यावरचा. शेंडीहून जलाशयाला फेरा मारणारा रस्ता आहे. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. पाहुण्यांना मी याच क्रमाने धाडते, म्हणजे रतनवाडीचं देऊळ सकाळी गर्दीच्या आधी होतं. या फेऱ्यात धबधब्यांची नावं विचारत बसू नका. गाईड लोकांनी हौसेनं इंग्रजी नावं ठेवलीत, पुढच्या पावसात आणखी दोन वाढतील. जिथे रस्त्याच्या कडेला जागा रुंद असेल तिथे गाडी लावा आणि पाण्याखाली उभं राहा, एवढंच. भातखाचराच्या बांधावर मात्र गाडी चढवू नका. तेव्हा आवणी चालू असते, बायका कमरेत वाकून रोपं लावत असतात, आणि एका चाकानं बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं. फोटो काढायचा तर विचारून काढा. मी शाळेत असताना मुलं आवणीला जायची आणि वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, त्याबद्दल मी कधी कुणाला ओरडले नाही.

रतनवाडीला निदान दीड तास ठेवा. अमृतेश्वराचं देऊळ हजार-अकराशे वर्षांचं आहे. लोक समोर सेल्फी काढून निघतात. तुम्ही बाहेरच्या भिंतीलगत एक सावकाश फेरी मारा, कोरीव काम हाताच्या अंतरावर आहे. भर पावसात गाभाऱ्यात पाणी साचतं, पिंड बुडते. त्या दिवसांत चपला काढून गार पाण्यात घोटाभर उभं राहायची तयारी हवी. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. देवळामागे दिसतो तो रतनगड. प्रवरा त्याच्याच कुशीत उगम पावते, तिला अमृतवाहिनीही म्हणतात. गड दिवाळीनंतर चढा. पावसात ओढे आडवे येतात.

साम्रदच्या सांदण दरीबद्दल माझं एकच म्हणणं आहे: पावसाळ्यात नाही. गाईड "काही होत नाही" म्हणाला तरी नाही. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये अरुंद फट, आणि लांब डोंगरावर पडलेला पाऊस तिथूनच वाहून जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेव्हाही आत एक-दोन ठिकाणी गुडघा-मांडीभर गार पाणी असतं. जास्तीचे मोजे घ्या.

घाटघरच्या कोकणकड्यावर धुकं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. ते पडद्यासारखं फाटतं आणि एकदम खाली शहापूरकडचा मुलूख दिसतो. तिथल्या वीजप्रकल्पाची एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा वरच्या तळ्यातलं पाणी खाली चोंढ्याला सोडून वीज करतात, आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. माझ्या चौथीच्या वर्गातला एक पोरगा म्हणाला होता, "बाई, म्हणजे धबधबा उलटा पण चालतो." त्याला मी शंभरपैकी शंभर दिले असते, पण तो विषय परीक्षेत नव्हता.

काजव्यांसाठी येणार असाल तर मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, वळवाच्या एखाद-दोन सरी झाल्यावर. मोठा पाऊस सुरू झाला की संपलं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर ते बसतात आणि अख्खं झाड एका तालात लुकलुकतं. शनिवारी येऊ नका. गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात काजवे दिसत नाहीत, आणि त्यांचं मीलनही बिघडतं. मधल्या वारी या, गाडी लांब उभी करा, मोबाइल खिशात ठेवा. हा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. रात्री किती वाजेपर्यंत आत थांबता येतं ते वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.

मुंबईकरांनी कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, मग बारीवरून शेंडी. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर. बारीत कळसूबाईचा पायथा लागतो. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक, वाटेत लोखंडी शिड्या. ते काम वेगळ्या दिवसाचं. धबधबे उरकून दुपारी चढू, असा बेत करणारे रात्री बॅटरी शोधत उतरतात. शक्य असेल तर सप्टेंबर अखेरीस चढा, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात.

पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या. रोख पैसे ठेवा, फेऱ्यात मोबाइलला रेंज येते-जाते. जेवणाचं वाडीतल्या एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा: नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ऋतूप्रमाणे चाई नाहीतर कुर्डूची रानभाजी, आणि त्यांच्याच खाचरातला भात. ऐनवेळी जाऊन दहा जणांचं मागितलं तर त्या बाईच्या आवणीचा अर्धा दिवस जातो. परतताना राजूरचे पेढे घ्या.

आणि पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली असेल तर नका येऊ. पाणी तेव्हा सगळ्यात चांगलं असतं हे मीच वर लिहिलंय, पण रंध्यापासून शेंडीपर्यंत गाड्या अशा तुंबतात की मागच्या खेपेला आमच्या भाचीनं गाडीतूनच फोन केला, "मावशी, धबधब्याचा आवाज येतोय, दिसत नाहीये." मंगळवार-बुधवार बघा. फोन आदल्या दिवशी करा, मी वाकीचं विचारून ठेवते.