ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी सायलेन्सरकडे बघा

उसाच्या हंगामात रात्री साडेअकराला फोन वाजला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "धूर येतोय का?" त्यावर उत्तरही ठरलेलं. "भाऊ, सेल्फ मारून मारून बॅटरी बसली." म्हणजे धुराकडे कुणी बघितलेलंच नसतं.

नेवासा-शेवगाव पट्ट्यात बावीस वर्षं पाना चालवतोय. सेल्फवर इंजिन झपझप फिरतंय आणि सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही, तर डिझेल आत पोचत नाहीये. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय, तर डिझेल जातंय पण पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा १६-१७ पट दाबली जाते, त्याने ती तापते आणि त्या तापानेच डिझेल पेटतं. बॅटरी मरगळलेली असेल तर इंजिन हळू फिरतं, हवा पुरती तापत नाही. थंडीत पहाटे हेच होतं. बॅटरी चांगली, ऊन वर आलेलं, तरी पांढराच धूर, तर मग कॉम्प्रेशन (हवेचा दाब) किंवा नोझल, म्हणजे डिझेल आत फवारणारं तोंड. ते काम घरी करू नका.

सेल्फच फिरत नसेल, नुसतं कट-कट वाजत असेल, तर टर्मिनलला हात लावून बघा. गरम लागलं की तिथेच काँटॅक्ट ढिला. आधी निगेटिव्ह सोडा, पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा, घासा, आवळा. उभ्या बॅटरीला साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा.

आता धूर नसलेली केस. काहीही खोलण्याआधी स्टॉपची नॉब बघा, म्हणजे इंजिन बंद करायला ओढतो ती. हसू नका. शिकत होतो तेव्हा याच भानगडीत मी डिझेल पंपाचे तिन्ही पाइप सोडून बसलो होतो. उस्ताद चहा पिऊन आले, पाइप परत बसवायला लावले, नॉब आत ढकलली आणि सेल्फ मारला. बोलले काहीच नाहीत. कधी कधी नॉब आत जाते पण केबल अडकलेली असते, म्हणून पंपावरचा लिव्हर हलतोय का तेही बघा.

मग टाकीचं झाकण. झाकण हरवलं म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेले ट्रॅक्टर मी ढिगाने बघितलेत. डिझेल कमी होतं तशी टाकीत हवा जायला हवी. ती गेली नाही तर गाडी तासभर चालते आणि मरते. पिशवी सोडताना 'सुस्स' झालं की दुखणं सापडलं. एकदा तर झाकणाच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. खिळ्याने टोकरलं, काम झालं.

डिझेल संपून परत भरलं असेल किंवा फिल्टर बदलला असेल, तर डिझेलच्या पाइपांत हवा धरलेलीच असते. ती क्रमाने काढा. पहिल्या फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा काढायचा) दीड-दोन फेरे ढिला करा, फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, लिव्हर हाताने मारत राहा. आधी फेस येईल, मग फुसफुस, मग बुडबुड्याशिवाय सलग धार. धार चालू असतानाच आवळा. मग दुसरा फिल्टर, मग मुख्य डिझेल पंपावरचा स्क्रू. लिव्हर ढिलाच लागतोय, दाब येत नाही, तर पंप बिघडला म्हणून घाबरू नका. आतला कॅम (पंपाला ढकलणारा उंचवटा) वर आलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, लिव्हर परत धरतो.

शेवटी नोझलकडचे नट, बहुतेक १७ च्या पान्याचे, अर्धा फेरा ढिले करा, स्टॉप आत आहे ना बघा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. थेंब उडायला लागले की एकेक आवळा. तिथे बोट धरायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत घुसतं. आणि हा उद्योग जुन्या मेकॅनिकल पंपावरच. २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना नवे प्रदूषण नियम लागले, त्यात कॉमन रेल आली, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल देणारी यंत्रणा. तिचे पाइप ढिले करायचे नाहीत.

फिल्टरच्या वाटीत खाली गढूळ थर दिसला तर ते पाणी. आधी ते सोडा, नाहीतर हवा काढून उपयोग नाही.

इंजिन लागलं की लगेच बंद करू नका. दहा मिनिटं अर्ध्या रेसवर चालू द्या, आणि तेवढ्यात फिल्टरच्या बोल्टांवर बोट फिरवा. ओलं लागलं तर तिथला तांब्याचा वॉशर बदला. रात्रभरात डिझेल तिथून मागे उतरतं आणि सकाळी परत मला फोन.