नोटेशनची पीडीएफ शेअर करताय? या चुका टाळा

क्वायरच्या किंवा हार्मोनियम क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी स्वरलिपीची पीडीएफ टाकतं. कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं: "अहो, संगीतकार जाऊन किती वर्षं झाली, आता कसला कॉपीराइट!" ग्रुपपुरतं ते खपून जातं. फाइल वेबसाइटवर चढवली की मात्र प्रश्न येतो, कुठल्या देशात?

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक १९४५ मध्ये गेले. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे आपल्याकडे बार्टोक २००६ पासून मोकळे. युरोपात ७० वर्षं, म्हणून २०१६ पासून. इथवर साधी बेरीज. पण जुन्या छापील कृतींसाठी अमेरिका मृत्यूचं वर्ष बघतच नाही, प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजते. त्यांचं 'कन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' छापून आलं १९४६ साली, म्हणून तिथे ते २०४१ संपेपर्यंत बंद. पुण्यातल्या वादकाने ते बिनधास्त स्कॅन करावं. पण अमेरिकन सर्व्हरवर चढवलं, तर तक्रार आल्यावर आश्चर्य वाटून घेऊ नये.

उलटा फटका जास्त जणांना बसतो. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कींचं 'राइट ऑफ स्प्रिंग' १९१३ चं. अमेरिकेत त्याची मूळ आवृत्ती केव्हाच मोकळी झाली. पण ते स्वतः गेले १९७१ मध्ये, त्यामुळे भारतात हक्क २०३१ अखेरपर्यंत आणि युरोपात २०४१ अखेरपर्यंत. "अमेरिकन साइटवर फुकट आहे, म्हणजे चालतं" हे इथे साफ चुकतं. त्यात त्यांनी जुन्या कृती नंतर सुधारून पुन्हा छापल्या आहेत, तेव्हा हातातली प्रत कोणत्या सालची तेही बघा.

कॅनडाचं गणित तर बदललंच आहे. तिथे पूर्वी ५० वर्षं होती, ती ३० डिसेंबर २०२२ पासून ७० झाली. आधी मोकळं झालेलं परत बंद झालं नाही, म्हणून स्ट्राविन्स्की तिथे थोडक्यात सुटले. १९७५ मध्ये गेलेले रशियन संगीतकार शोस्ताकोविच २०२६ ला सुटायचे, ते आता २०४६ ला. "कॅनडात ५० वर्षं" सांगणारे जुने लेख अजून फिरतायत, त्यांच्यावर विसंबू नका.

हे सगळं कागदोपत्री वाटत असेल, तर आयएमएसएलपीचं उदाहरण घ्या. कॅनडातून चालणारं हे स्वरलिपींचं भलंमोठं ऑनलाइन भांडार ऑक्टोबर २००७ मध्ये बंद पडलं. व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या संगीत प्रकाशकांचं म्हणणं होतं की कॅनडात मोकळ्या असलेल्या कृती युरोपातले लोक उतरवून घेतात. साइट परत सुरू झाली जून २००८ च्या अखेरीस. आज तिथे कॅनडा, अमेरिका आणि युरोप यांची स्थिती कळते. भारताचा हिशेब आपला आपणच करायचा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गाण्याला एकच धनी समजणं. आपल्या कायद्यात चाल वेगळी कृती, शब्द वेगळे. 'संगीत स्वयंवर' घ्या. चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये. तेव्हा मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे बुवांच्या चाली १९७३ लाच मोकळ्या झाल्या. शब्दांचा हक्क १९९८ ला संपायचा, पण १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षांवर नेली आणि तो २००८ अखेरपर्यंत लांबला. म्हणजे मधली ३६ वर्षं नुसती सरगम छापायला हरकत नव्हती, खाली पद छापायला होती! युरोपात मात्र कवी आणि संगीतकाराने मिळून केलेल्या गाण्यात, दोघांपैकी जो शेवटी गेला त्याच्यापासून दोन्हींची मुदत मोजतात.

"मी स्वतः कान लावून लिहिलंय" ही सबबही टिकत नाही. भारतीय कायद्यात स्वरलिपी हा संगीतकृतीचाच भाग आहे आणि दुसऱ्याची चाल लिहून काढणं हे तिचं रूपांतर. सिनेमाच्या नव्या गाण्याची सा-रे-ग-म पीडीएफ याच खात्यात जाते. खाली "सर्व हक्क मूळ मालकांचे" लिहिल्याने काही साधत नाही.

बेथोवन १८२७ मध्ये गेले, पण तुमची प्रत कुणी संपादित केली? जर्मनीत अभ्यासपूर्ण संपादनाला स्वतंत्र २५ वर्षांचं संरक्षण आहे. पहिल्या पानाच्या तळाशी © चं साल आणि संपादकाचं नाव असतं, नेमकं तेच स्कॅन करताना कापलं जातं. कापू नका.

शिकवण्यासाठी सूट आहे, हे खरं. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती उदारपणे वाचली. पण ती शिक्षक-विद्यार्थ्यांच्या शिकण्या-शिकवण्यापुरती. जगाला खुली असलेली लिंक तिच्यात बसवणं कठीण.

तक्रारीवरून साइटने फाइल काढून टाकलीच, तर नाव बदलून परत चढवू नका, त्याने खातंच जातं. मृत्यूचं साल, प्रकाशनाचं साल, संपादक, कवी आणि सर्व्हरचा देश, एवढं कागदावर मांडा. अमेरिकन साइटवर प्रतिवादाचा फॉर्म मिळतो, पण तो भरला की तिथल्या न्यायालयाचा अधिकार तुम्ही मान्य करता आणि "भारतात मोकळं आहे" हा मुद्दा तिथे चालत नाही. चूक खरोखर तक्रार करणाऱ्याची असेल, तरच तो भरा. नाहीतर शंभर वर्षांपूर्वीची छापील आवृत्ती शोधा. मोठ्या संगीतकारांची बहुधा सापडते.